आमदाराचं प्रगतिपुस्तक

निवडणूक आली की आमच्या पवनीत दोन गोष्टींचा पूर येतो. एक भोंग्यांचा आणि दुसरा आकड्यांचा. दाराच्या फटीतून पत्रकं आत सरकवली जातात. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो आणि खाली ठळक अक्षरांत आकडे. इतक्या कोटींची कामं, इतके किलोमीटर रस्ते, विधानसभेत इतके प्रश्न. दुसऱ्या पक्षाच्या पत्रकात त्याच मतदारसंघाचे अगदी उलटे आकडे. दोन्ही वाचून झाले की आमच्या घरी ही पत्रकं डब्यांच्या फळीवर अंथरली जातात. कागद चांगला असतो हो, तेल लागलं तरी पुसता येतं!

मी शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे आकडे दिसले की आमच्या बचत गटाच्या बायका माझ्याकडे बघतात. गटाच्या एका बैठकीत धान रोवणीच्या मजुरीचा हिशेब चालला होता आणि मध्येच एकीने पर्समधून तसलंच एक पत्रक काढलं. म्हणाली, "मॅडम, तुमी त गणिताच्या. सांगा बरं, ह्यात दूध किती अन् पाणी किती?" सगळ्या हसल्या. पण दुसरी जरा गंभीरपणे बोलली, "पोराचं प्रगतिपुस्तक येते तसं आमदाराचं काऊन येत नाही? पास कोनाले करावं, नापास कोनाले करावं, आमाले कसं समजंल?"

प्रश्न साधा होता, पण त्यावर मी पुढे बरेच दिवस विचार करत राहिले. आमदाराचं काम आकड्यांत मोजता येतं का? येत असेल तर कोणते आकडे धरायचे, कोणते सोडायचे? मिळेल ते वाचलं, लेकीच्या मोबाईलवर विधानमंडळाचं संकेतस्थळ उघडून बघितलं. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते. आमच्या आमदारांना गुण देण्याचा माझा हेतू नाही. तुमचा आमदार कोणत्याही गावचा, कोणत्याही पक्षाचा असो, त्याचं प्रगतिपुस्तक तुम्हालाच भरता यावं, एवढ्यासाठी हा लेख.

आधी विषय कोणते ते ठरवा

प्रगतिपुस्तकात विषय आधी छापलेले असतात, गुण नंतर भरतात. आपण आमदाराच्या बाबतीत उलटं करतो. नाली तुंबली की आमदार वाईट, लग्नाला आला की आमदार चांगला. नाली नगर परिषदेची असते. गावातली अंगणवाडी, प्राथमिक शाळा यांचा कारभार जिल्हा परिषदेकडे असतो. लग्नाला येणं ही माणुसकी झाली, कामाच्या खात्यात ती धरता येत नाही.

मग आमदाराचं काम कोणतं? कायदे करणं, राज्याच्या अर्थसंकल्पावर चर्चा करून तो मंजूर करणं, आणि सरकारला प्रश्न विचारून जाब मागणं. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. २००९च्या निवडणुकीपासून आमची पवनी भंडारा मतदारसंघात आहे. म्हणजे राज्याच्या तिजोरीबद्दल, शाळा-दवाखान्यांबद्दल, धानाच्या भावाबद्दल आमच्या वतीने बोलणारा तिथे माणूस एकच, २८८पैकी एक. त्याने तिथे काय केलं हा पहिला विषय. बाकीचं नंतर.

मत दिलं, पण कोणी पाहिलं?

अमेरिकेत हे मोजमाप फार पुढे गेलंय. तिथल्या राज्यांच्या विधिमंडळांतही कोणत्या विधेयकावर कोणी 'हो' म्हटलं, कोणी 'नाही', याची नावानिशी नोंद ठेवतात. त्यावरून कोण पक्षाच्या पाठोपाठ जातो, कोण स्वतःच्या मनाने चालतो, याचं गणित मांडता येतं. व्हर्जिनिया आणि वँडरबिल्ट या दोन विद्यापीठांतले अभ्यासक तर आणखी एक पट्टी वापरतात. लोकप्रतिनिधीने किती विधेयकं मांडली, त्यातली किती समितीपुढून सरकली, किती सभागृहात मंजूर झाली, किती कायदा झाली. पायरी जितकी वरची तितकं वजन जास्त. एखाद्याच्या गौरवाचा ठराव असेल तर वजन कमी, मोठा कायदा असेल तर भरपूर.

वाचताना वाटलं, झालं, मिळाली पट्टी! पण ती आपल्या विधानसभेला लावायला गेलं की दोन ठिकाणी अडते.

पहिली अडचण मतदानाची. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. ज्या बाजूचा आवाज मोठा वाटला ती बाजू जिंकली. कोणी मतविभागणी मागितली तरच डोकी मोजली जातात. त्यामुळे एखाद्या कायद्यावर तुमच्या आमदाराने काय मत दिलं, हे बहुतेक वेळा कागदावर सापडतच नाही.

सरकार टिकणार की पडणार इतक्या मोठ्या गोष्टीतही असं घडलंय. नोव्हेंबर २०१४ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला आणि त्यावरून मोठा वाद झाला. याउलट ३० नोव्हेंबर २०१९ला उद्धव ठाकरे सरकारच्या बाजूने १६९ मतं मोजली गेली. ४ जुलै २०२२ला एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावावर १६४ विरुद्ध ९९ अशी मोजणी झाली. म्हणजे मोजायचं ठरवलं तर मोजता येतं. फक्त ते रोज होत नाही.

दुसरी अडचण पक्षादेशाची. वर्तमानपत्रात 'व्हिप' हा शब्द येतो तो हाच. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षाने सांगितलं त्याच्या उलट मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. हेतू चांगला होता, आयाराम-गयारामांना आळा घालण्याचा. पण त्यामुळे मताचा आकडा आमदाराचा राहिला नाही, पक्षाचा झाला. सासूबाईंनी ठरवलेल्या भाजीसाठी सुनेच्या आवडीनिवडीची परीक्षा घेण्यासारखं आहे हे. अपवाद अपक्ष आमदाराचा. त्याला पक्षच नाही तर पक्षादेश कुठला? आमच्या मतदारसंघातून २०१९ मध्ये नरेंद्र भोंडेकर अपक्ष म्हणून निवडून आले होते, २०२४ मध्ये ते शिवसेनेकडून निवडून आले. तुमच्याकडे कधी अपक्ष निवडून आला असेल तर त्याचं मत जरूर शोधून बघा. ते खरोखर त्याचं स्वतःचं मत असतं.

आणि विधेयकं मांडण्याची पट्टी? आपल्याकडे मंजूर होणारी विधेयकं जवळजवळ सगळी सरकारची असतात. साध्या आमदाराने मांडलेल्या विधेयकाला 'अशासकीय विधेयक' म्हणतात. ते मंजूर होणं म्हणजे उंबराला फूल येण्यासारखं. म्हणून 'किती कायदे केले' या रकान्यात बहुतेक आमदारांपुढे शून्यच लागेल, काम करणाऱ्यापुढेही आणि न करणाऱ्यापुढेही. सगळ्यांना सारखेच गुण देणारी परीक्षा काय कामाची?

हजेरी आणि प्रश्न

मग उरतं काय? हजेरी, प्रश्न आणि चर्चा. मुंबईतली 'प्रजा फाउंडेशन' ही संस्था १९९७ पासून काम करते आणि २०११ पासून मुंबईतल्या आमदारांचं प्रगतिपुस्तक काढते. माहितीच्या अधिकारात कागद मागवायचे, त्यावरून सभागृहातली हजेरी, विचारलेले प्रश्न, त्या प्रश्नांचा दर्जा, उमेदवारी अर्जातली गुन्ह्यांची माहिती आणि नागरिकांना विचारून घेतलेलं मत, असे वेगवेगळे विषय करून गुण द्यायचे. मंत्र्यांना त्यात धरत नाहीत. कारण मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. पद्धत विचार करून बसवलेली आहे. पण ती मुंबईच्या आमदारांपुरती. पवनी, तुमसर, देसाईगंज, सावनेर इथल्या बायकांनी काय करायचं? आपलं आपणच करायचं, दुसरं काय!

प्रश्नांचे प्रकार आधी समजून घेऊ. 'तारांकित' प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. 'अतारांकित' प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं. तातडीच्या विषयावर 'लक्षवेधी सूचना' मांडतात. शिवाय अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पाच्या वेळच्या कपात सूचना असं बरंच असतं. हे सगळं वर्षातून तीन अधिवेशनांत चालतं. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी आपल्या नागपुरात. प्रश्नांच्या याद्या आणि सभागृहाचं कामकाज विधानमंडळाच्या संकेतस्थळावर बघता येतं. त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही की चिठ्ठी लागत नाही.

पण थांबा. आकडा हातात आला की लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. दुधात पाणी इथेच मिसळतं.

आकड्यांतल्या चार फटी

पहिली फट नावांची. आम्ही मोबाईलवर याद्या उघडल्या तेव्हा सगळ्यात जास्त नवल याचंच वाटलं. एकाच प्रश्नाखाली कितीतरी आमदारांची नावं एकत्र असतात! पंगतीत एकाने श्लोक म्हणावा आणि बाकीच्यांनी नुसतं जयजयकारात सूर मिसळावा, तसं. समजा, एका आमदाराने २०० प्रश्न विचारले, पण प्रत्येक प्रश्नावर २० जणांची नावं होती. वाटे केले तर त्याच्या वाट्याला आले १०. दुसऱ्याने एकट्याने १५ विचारले. पत्रकात २०० मोठे दिसतात, हिशेबात १५ मोठे. म्हणून नाव कितव्या क्रमांकावर आहे, प्रश्न आपल्या भागातला आहे का आणि उपप्रश्न विचारायला तो माणूस उभा राहिला का, हे बघायचं.

दुसरी फट दिवसांची. 'शंभर टक्के हजेरी' ऐकायला किती छान वाटतं! पण शाळाच किती दिवस भरली? 'पीआरएस' ही दिल्लीची संस्था देशभरच्या विधिमंडळांचा अभ्यास करते. तिच्या अहवालानुसार २०२३ मध्ये राज्यांच्या विधानसभा सरासरी २२ दिवस बसल्या. वर्षाच्या ३६५ दिवसांतले २२! राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये सुचवलं होतं की मोठ्या राज्यांत निदान ९० दिवस तरी कामकाज व्हावं. आता गणित करा. २२ दिवसांत शंभर टक्के म्हणजे २२ दिवस. ४० दिवसांत ऐंशी टक्के म्हणजे ३२ दिवस. टक्केवारी कमी, पण काम जास्त. टक्का सांगणाऱ्याला नेहमी विचारायचं, कशाचा टक्का? आणि सही करून दहा मिनिटांत बाहेर पडलेल्याचीही हजेरीच लागते, हे आम्हा मास्तरणींना कोणी सांगायला नको.

तिसरी फट बाजूची. विरोधी बाकांवरचा आमदार प्रश्न जास्त विचारणारच, ते त्याचं हत्यार आहे. सत्ताधारी आमदार मंत्र्याच्या दालनात जाऊन पत्रावर सही आणू शकतो, त्याला सभागृहात ओरडायची गरज कमी. पहिल्यांदा निवडून आलेला आणि चौथ्यांदा निवडून आलेला, यांचीही सरळ तुलना होत नाही. पाचवीच्या मुलाला दहावीचा पेपर देऊन नापास करत नाहीत ना आपण? तुलना करायची तर सारख्याची सारख्याशी. विरोधी बाकावरच्याची विरोधी बाकावरच्याशी, धान पिकवणाऱ्या भागातल्याची धानपट्ट्यातल्याशी.

चौथी फट कोटींची, आणि ती सगळ्यात रुंद. 'आणले', 'मंजूर केले' आणि 'खर्च झाले' हे तीन वेगळे शब्द आहेत. पत्रकात बहुतेक वेळा पहिला असतो, आपल्याला हवा असतो तिसरा. आमदाराच्या हातात थेट सुचवता येईल असा स्थानिक विकास निधी २०२२च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात वाढून वर्षाला ५ कोटी झाला. ५ कोटी म्हटलं की डोळे विस्फारतात. पण आमच्या मतदारसंघात साडेतीन लाखांहून जास्त मतदार आहेत. भागाकार केला तर वर्षाला माणशी दीडशे रुपयेसुद्धा येत नाहीत. दोन लुगडी सोडा, एक धड ब्लाऊजपीस येणार नाही! बाकीचे शेकडो कोटी म्हणजे सरकारी योजनांचे, जे आमदार कोणीही असता तरी थोडेफार आलेच असते. खरा प्रश्न असा असतो, शेजारच्या मतदारसंघापेक्षा आपल्याकडे जास्त आले का, लवकर आले का, आणि कुठे आले? सरासरी फसवी असते. भंडारा शहरात दहा कामं झाली आणि पवनी तालुक्यात दोन, तरी मतदारसंघाची बेरीज बाराच दिसते.

यश एक, वाटेकरी अनेक

आता धानाचंच बघा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात धान उत्पादकांसाठी हेक्टरी १५ हजार रुपये जाहीर झाले. आमच्या भागात हा मोठा आधार. जाहीर झालं की धानपट्ट्यातल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत फलक लागतात, 'यांच्या पाठपुराव्याला यश'. यश एक, पाठपुरावा करणारे पन्नास! आता गुण कोणाला द्यायचे? आकडेशास्त्रातली ही जुनी डोकेदुखी आहे. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असं सिद्ध करता येत नाही. जाहीर होण्याआधी कोणी विषय काढला होता, किती वेळा, कोणत्या सभागृहात, हे तारखेनिशी बघितलं तर थोडा उजेड पडतो. फलक नंतरचा असतो, प्रश्न आधीचा असतो. तारीख खोटं बोलत नाही.

आणि कधी कधी याच्या अगदी उलटं होतं. काम मोठं असतं आणि खात्यात काहीच जमा होत नाही. मृणालताई गोरे तुम्हाला आठवत असतील, 'पाणीवाली बाई'. १९८०च्या दशकात त्या आमदार असताना त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध विधानसभेत अशासकीय विधेयक मांडलं. पुढे १९८८ मध्ये सरकारने स्वतःचा कायदा आणला. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं आणि १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. आता मृणालताईंचं प्रगतिपुस्तक त्या परदेशी पट्टीने भरा. विधेयक मांडलं: एक. त्या विधेयकाचा कायदा झाला: शून्य. पोटातल्या मुलींसाठी सभागृहात झगडलेल्या बाईला शून्य गुण!

दुसरं नाव वि. स. पागे यांचं. ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापती कसले प्रश्न विचारणार? पण हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलंच पाहिजे, हा रोजगार हमीचा विचार त्यांनी मांडला, धरून ठेवला. १९७७ मध्ये राज्याने त्याचा कायदा केला. पुढे २००५ मध्ये देशाने तसा कायदा केला. आमच्या तालुक्यात रोहयोच्या कामावर पाटी उचललेली बाई शोधायला लांब जावं लागत नाही. तिच्या मजुरीचा उगम प्रश्नांच्या कोणत्याच यादीत सापडणार नाही. म्हणून आकडे बघायचेच, पण आकड्यांपलीकडेही बघायचं.

तिसरा रकाना

इतकं सगळं सांगितल्यावर गटात एकीने वैतागून विचारलं, "मॅडम, मंग मोजावं का नाही मोजावं?" मोजावंच. पण काय, ते नीट ठरवून.

आमच्या दाराशीच मोठं उदाहरण आहे. गोसेखुर्द. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट. गावंच्या गावं उठली, माणसं नव्या गावठाणांत गेली, २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं पॅकेज आलं. इतक्या वर्षांत किती आमदार आले आणि गेले. प्रत्येकाच्या पत्रकात गोसेखुर्द होतं. 'गोसेखुर्दवर प्रश्न विचारले' हा आकडा कोणाचाच शून्य नसेल. पण धरणासाठी घर सोडून आलेल्या बाईला त्या आकड्याचं काय करायचं?

पाण्याचंही तेच. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं धरणात येऊन थांबतं. वैनगंगेचं पाणी कपड्यांना, अंगाला कसं लागतं ते नदीकाठच्या बाईला विचारा, प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आता प्रगतिपुस्तकात लिहा. प्रश्न विचारला, हा पहिला रकाना. मंत्र्यांचं उत्तर आलं, हा दुसरा. बहुतेक हिशेब इथेच संपतात. तिसरा रकाना कोणी आखतच नाही. त्यानंतर काय झालं? पाणी सुधारलं का? पैसे पोचले का? शिक्षक आला का?

मंत्री सभागृहात जे आश्वासन देतात ते हवेत सोडून द्यायचं नसतं. आश्वासनं पाळली की नाही हे बघायला विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती असते. म्हणजे तिसऱ्या रकान्याची सोय कायदेमंडळातही आहे. ज्याने एकच प्रश्न विचारला, पण उत्तर अर्धवट आलं म्हणून पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारला, आश्वासन मिळवलं आणि काम होईपर्यंत सोडलं नाही, तो माझ्या लेखी दोनशे प्रश्नवाल्यापेक्षा वरचा. आमदाराचा खरा प्रभाव तिसऱ्या रकान्यात दिसतो. आणि तो रकाना मुंबईत बसून भरता येत नाही. तो पवनीतच भरावा लागतो, तुमच्या गावात, तुम्हीच.

वही कोणी लिहायची?

म्हणून आम्ही गटात एक वही घातली. दोनशे पानी, साधी. प्रत्येक पानावर एकच विषय. प्रश्न कोणी, कधी विचारला. उत्तर काय आलं. पुढे काय झालं. विषय मात्र आम्ही ठरवले. गावातला पानठेला आणि आमची बैठक यांच्या विषयांत किती फरक असतो बघा. पानठेल्यावर कोण कोणत्या पक्षात जाणार, तिकीट कोणाला मिळणार, याची चर्चा. आमच्याकडे नदीचं पाणी, धानाचे चुकारे, ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाला डॉक्टर, लेकींना कॉलेजातून परत आणणारी संध्याकाळची एसटी. कोणी मत विचारायला गावात आला तर तो पानठेल्यावरच थांबतो, ओसरी ओलांडून चुलीपाशी येत नाही. मग अर्ध्या मतदारांचं मत त्याच्या हिशेबात येतं कुठून? २०२४च्या निवडणुकीत २८८पैकी २१ बाया निवडून आल्या. महिलांना एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, असं त्यातच लिहिलंय. तोवर आपले विषय आत पोचवायचे तर ते आधी आपल्या वहीत तरी यायला हवेत.

वही घालताना सगळ्याच खूश नव्हत्या बरं का. एक जुनी सभासद म्हणाली, "आपलं नाव येईन मधात. उद्या गटाच्या खोलीसाठी अर्ज करावा लागंल. कायले वाकडं घेता कोनाशी?" तिचं चुकत नव्हतं. गावात राहायचं असतं, रोज तोंड बघायचं असतं. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. शेवटी आमच्या कोषाध्यक्षबाई म्हणाल्या, "आपन बँकेचा पासबुक भरून घेतो, त बँकेशी भांडन होते का?" या एका वाक्यावर वही सुरू झाली. छापलेल्या, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या कागदावरून उतरवून घेणं म्हणजे भांडण नाही. उलट चांगलं काम दिसलं तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहायचं, असा आमचा नियम आहे. नियम सगळ्यांना सारखा. आवडता पक्ष घरी ठेवून यायचं, वही उघडायची.

तुम्हालाही करता येईल. कठीण काही नाही. गटातली एखादी कॉलेजात जाणारी मुलगी सोबत घ्या. अधिवेशनाच्या काळात आठवड्यातून एक दिवस प्रश्नांच्या याद्या बघा. फक्त तीन विषय निवडा, तीसच्या मागे लागू नका. उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात मालमत्ता, शिक्षण, खटले सगळं लिहिलेलं असतं. ते एकदा वाचून ठेवा. कामाचा फलक दिसला की त्यावरची रक्कम आणि तारीख उतरवून घ्या, आणि सहा महिन्यांनी त्याच रस्त्याने एकदा चालून या. चालणं हीसुद्धा मोजणीच आहे.

यातून कोणाला किती गुण मिळाले, हे प्रत्येकीने आपल्यापाशी ठेवावं. मत गुप्त असतं आणि गुप्तच राहू द्या. आमच्या वहीची अजून बरीच पानं कोरी आहेत. पहिले दोन रकाने भरतात, तिसऱ्याला वेळ लागतो. पुढच्या हिवाळी अधिवेशनाच्या प्रश्नांच्या याद्या आल्या की आम्ही पुन्हा बसणार आहोत. नदीच्या पाण्याचं पान पहिलं उघडायचं, हे आत्ताच ठरलंय.